सात नंबरचा बिल्ला

मेश्रामकाकांकडे पक्कड मागायला गेलं, तर ते हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. नुसता हात पुढे करतात आणि विचारतात, "बिल्ला?"

पहिल्यांदा मी हे ऐकलं तेव्हा माझ्या स्वयंपाकघरातला नळ तुटला होता, पाणी छताला लागत होतं, मी डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली, आणि हा माणूस माझ्याकडे बिल्ला मागतोय! माझं डोकं तसंही लवकर तापतं. "काका, तिकडे घराचं तळं झालं!" मी ओरडले. काका शांत. "होऊ दे. बिना बिल्ल्याची पक्कड इथून नाई जात."

मग त्यांनी खण उघडला, एक पितळेची चकती काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. चकतीवर ठोकून ठोकून सातचा आकडा काढलेला. "हा तुया. आजपासून तू सात नंबर." मी चकती भिंतीवरच्या हुकाला लावली, तेव्हा कुठे पक्कड हाती आली. तोवर आमचे पाट हॉलपर्यंत तरंगत आले होते.

काका रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. तिथे टूलरूमची रीतच अशी. अवजार घ्यायचं तर त्याच्या जागी आपला बिल्ला टांगायचा, अवजार परत केलं की बिल्ला परत. काका रिटायर झाले, रीत मात्र घरी घेऊन आले. रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात आमच्या गल्लीत त्यांनी घर घेतलं, त्याला एक गॅरेज होतं. आधीच्या मालकाकडे मोटार होती. काकांकडे एक म्हातारी स्कूटर. ती बिचारी पावसापाण्यात ताडपत्री पांघरून बाहेर, आणि आत भिंतीवर हातोड्या, पाने, कानशी दिमाखात. प्रत्येक अवजाराच्या मागे भिंतीवर काळ्या रंगाने त्याचा आकार रंगवलेला. काका त्याला सावली म्हणतात. हातोडी काढली की हातोडीची सावली भिंतीवर उरते, म्हणजे काय गेलं ते आंधळ्यालाही कळावं.

"वस्तू नाई हरपत बाप्पा," काका म्हणत, "वस्तूची जागा हरपते."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की आमची पोट्टीसुद्धा मोजे सापडले नाहीत की मलाच ऐकवायची, "मम्मी, मोज़ा नहीं खोया, उसकी जगह खो गई है." मराठी समजतं सगळं, उत्तर मात्र हिंदीत!

तर हे गॅरेज. तीन वर्षं काका ते लावून राहिले होते. लावून राहिले होते म्हणजे, संपतच नव्हतं. तात्यापाऱ्यात एक जुनं घर पाडलं, तिथल्या चौकटींचं सरईचं, म्हणजे सालाचं, लाकूड काकांनी हातगाडीवर आणलं आणि त्याचं पहिलं बेंच केलं. महिन्याभराने ते मोडलं. का? तर दोन सूत उंच झालं. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. मी म्हटलं, "काका, दोन सुताने काय आभाळ कोसळते का?" काकांनी मला बेंचापाशी उभं केलं, कोपर वाकवायला लावलं, आणि कोपराखाली चार बोटं धरून दाखवलं. "बेंच इथं पाहिजे. वर गेलं तं खांदा दुखते, खाली गेलं तं कंबर. बेंच माणसाच्या मापाचं असते, माणूस बेंचाच्या मापाचा नाई."

गल्लीतले लोक विचारत, "काका, बनवणार काय एवढं?" काका म्हणत, "अजून बेंच कुठं झालं?"

मग सामान ठेवायची पाळी आली. काकांच्या बायकोच्या, विमलकाकूंच्या, लोणच्याच्या बरण्या एकेक करून गॅरेजात गेल्या. झाकणं फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूने पक्की, आणि बरणी खालून फिरवून लावायची. स्क्रू, खिळे, वायसर, सगळं अधांतरी लटकलेलं. काकू कपाळावर हात मारून म्हणायच्या, "यंदा कैरी काय तुमच्या टोपीत मुरवू?" डब्यांना काकांनी चिठ्ठ्या नाही लावल्या. ज्या डब्यात जो नट, तोच एक नट बाहेर चिकटवलेला. मी विचारलं, "नाव लिहायला काय होतं?" तर म्हणाले, "वाचाचं काम काहून पाडा? पाहिलं की समजलं पाहिजे."

हा माणूस गॅरेजात राहिला असता तरी चाललं असतं. आमच्या पोट्टीच्या वाढदिवसाला काका लवकर आले आणि बाहेर ओसरीवर खडू घेऊन बसले. आलेल्या प्रत्येकाच्या चपलांभोवती रेघ! चाळीस माणसांच्या चपला. लोक हसून हसून बेजार, आणि मी लाजेने अर्धी. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवशी कोणी कोणाची चप्पल घालून गेलं नाही.

यानंतर त्यांनी दुसरं बेंच केलं, आणि तिथे मोठी गंमत झाली. ते पहिल्यापेक्षा चांगलं चार इंच ठेंगणं निघालं. दोन सुतांसाठी बेंच मोडणारा माणूस, आणि चार इंच! गल्लीला तर सणच झाला. जो तो येऊन बघून जाई. आमचे हे म्हणाले, "काका, टेप उलटा धरला होता का?" मला वाटलं, आता काका मोडतील किंवा भडकतील. काका म्हणाले, "हव. चुकलं." आणि ते बेंच तसंच राहू दिलं. मी मनात म्हटलं, झालं, म्हातारपण आलं माणसाला.

विमलकाकू मूळच्या भंडाऱ्याच्या. बोलक्या, हसऱ्या, आणि विसरभोळ्या. भाजीत दोनदा मीठ घालत, मला कधी माझ्या नावाने ज्योती म्हणत, कधी त्यांच्या बहिणीच्या नावाने हाका मारत. आम्ही हसायचो, त्याही हसायच्या. त्यावर मी कधी दुसरा विचारच केला नाही.

दसऱ्याच्या आधी त्यांच्या मुलाचा, सुनीलचा, मला फोन आला. सुनील बंगलोरला होता, त्याची बदली रायपूरला झाली होती, आणि तो बायको-मुलीसह घरीच राहायला येत होता. "दीदी, नई गाड़ी ली है. पापा को बोला गैराज खाली कर दो, तो फोन काट देते हैं. गैराज गाड़ी के लिए होता है न? आप समझाओ ना."

मला पटलं. गल्लीत सगळ्यांनाच पटलं. आमच्याकडे रस्ता एवढा अरुंद, की गाडी लावण्यावरून रोज भांडण. माझ्या गेटासमोर कोणी गाडी लावली की मी काय करते, ते अख्ख्या पाऱ्याला, सगळ्या वस्तीला, ठाऊक आहे. तेव्हा मी रविवारी सकाळी पदर खोचला आणि काकांना चार शब्द सुनावायला निघाले.

गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. मी वाकून आत गेले आणि तशीच उभी राहिले.

ठेंगण्या बेंचापाशी विमलकाकू उभ्या होत्या. बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा मोडत होत्या. त्यांचं कोपर आणि बेंच यांच्यात बरोबर चार बोटं होती.

त्यांच्या समोरच्या भिंतीवर सावल्या होत्या. झाऱ्याची सावली, गाळणीची, किसणीची, उलथन्याची. वर फळीला त्यांच्याच लोणच्याच्या बरण्या, आणि प्रत्येकीवर एकेक दाणा चिकटवलेला. एकीवर तूर. एकीवर हरभरा. एकीवर साखरेचे चार कण. खाली, आत जायच्या दारापाशी, फरशीवर पांढऱ्या रंगाने दोन चपलांची रेघ.

"ये ज्योती," काका म्हणाले, आणि मला बाहेर नेऊन हळूच शटर ओढलं.

"गॅस चालू राहून गेला दोनदा," ते म्हणाले. "मी किचनमंधी बसाले लागलो, तं मले हाकलते. म्हणते, काय बायकांसारखं इथं बसून राहता. मंग मी म्हटलं, विमल, मले गॅरेजात तुई मदत पाहिजे, एकट्यानं नाई होत. तवा आली. आता रोज येते. तिले वाटते, थे माही मदत करून राहिली."

"काका, केव्हापासून हे?"

"पहिलं बेंच मोडलं तवापासून. पंडरीले सापडली होती मले, जुन्या बसस्टँडवर. तिथून आता गाड्याबी नाई सुटत. आणि ही पिशवी घेऊन भंडाऱ्याच्या गाडीची वाट पाहून राहिली होती. तीन घंटे." काकांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला, जो मुळीच खराब नव्हता. "डॉक्टर म्हणते, हे वाढत जाईन. मी म्हटलं वाढू दे. वस्तू नाई हरपत. तिची जागा फक्त पक्की करून ठेवाची."

"सुनीलला का नाही सांगितलं?"

"फोन हातात घेतो. सांगतलं तं खरं होऊन जाईन, असं वाटते. मंग ठेवून देतो."

मला इतकं रडू आलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. तीन वर्षं शेजारी राहून मी काय पाहिलं? चार इंच ठेंगणं बेंच पाहिलं आणि दात काढले. म्हातारपण आलं म्हणत होते मी त्यांना!

फोन मीच केला. काका रागावले तर रागावोत. सुनीलने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दीदी, मम्मी मुझे फोन पर पहचान लेती है... मतलब, लगता तो था."

दसऱ्याच्या दोन दिवस आधी तो आला. गॅरेजात वाकून शिरला, तसा उंचापुरा. काकूंनी त्याच्याकडे वर बघितलं, कौतुकाने बघितलं, आणि काकांना विचारलं, "कोणाचा पोट्टा आहे हो? चांगला उंच आहे."

"आपलाच आहे," काका म्हणाले.

"मंग उभा काहून? शेंगा निवड म्हणा त्याले."

सुनीलने बूट काढले, आईशेजारी उभा राहिला आणि शेंगा मोडू लागला. ठेंगणं बेंच त्याच्या पार मांडीला लागत होतं. तो कंबरेत वाकून तासभर शेंगा मोडत राहिला, आणि मोडताना एकदाही त्याने मान वर केली नाही. संध्याकाळी माझ्या दारात आला. "दीदी, गाड़ी आपके गेट के सामने लगा दूँ?"

"लाव," मी म्हटलं. आमचे हे माझ्याकडे बघतच राहिले.

आता गेल्या आठवड्याची गोष्ट. नातीच्या फ्रॉकसाठी कापड घ्यायचं होतं, आणि काकूंच्या मनाने घेतलं की आपणच जाऊन आणायचं. सुनील ऑफिसात, सून माहेरी. मी म्हटलं, "मी नेते ना. पंडरीला जाऊन येतो, दोन तासांत." पंडरी म्हटल्यावर काकांचा चेहरा उतरला, पण ते नाही म्हणाले नाहीत. काकूंना हौसेनं नवी साडी नेसलेली पाहून त्यांना नाही म्हणवलं नसावं.

आम्ही दारात आलो. काकूंनी फरशीवरच्या रेघेतून आपल्या चपला काढून पायांत घातल्या. मी त्यांचा हात धरला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"बिल्ला?"

मी वळले. काकांनी दाराच्या चौकटीवरचा एक हुक दाखवला. नवाच लावलेला, पितळेचा. मला हसू येणार होतं, पण काकांच्या तोंडाकडे बघून आलं नाही. मी पर्समधून सात नंबर काढला आणि हुकाला टांगला.

"काळजी करू नका काका. जशीच्या तशी परत आणते."

"हव," ते म्हणाले. "हात सोडजो नको."

नाही सोडला. पंडरीला काकूंनी अकरा दुकानं पाहिली आणि पहिल्याच दुकानातलं पिवळं कापड घेतलं. दुकानदाराशी भाव केला तोही असा, की मीच चाट पडले. येताना ऑटोत त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. दोन तासांचे सव्वातीन झाले होते.

काका दारात स्टुलावर बसले होते. उठले. काकूंनी चपला रेघेत काढल्या, पिशवी त्यांच्या हातात दिली आणि आत जाता जाता म्हणाल्या, "चहा ठेवते. तुम्ही जेवले का नाई?"

मी माझा बिल्ला घ्यायला हुकाकडे हात नेला. हुक रिकामा होता.

"काका, माझा बिल्ला?"

काकांनी मूठ पुढे केली. बोटं उघडायला त्यांना जरा वेळच लागला. तळहातावर बिल्ल्याचा गोल लालभडक उमटला होता. बिल्ला मी घेतला तेव्हा तो चांगलाच गरम होता.