अध्यक्षांच्या खुर्चीवरचं घरटं

बैठकीला अर्धा तास उरला असताना सभागृह सांभाळणाऱ्या ताईंना अध्यक्षांच्या खुर्चीवर पांढरे ठिपके दिसले. त्यांनी वर पाहिलं. खुर्चीच्या थेट वर, दिव्याच्या दांडीला भिंगरी पक्ष्याने चिखलाचं घरटं केलं होतं आणि मादी अंड्यांवर ऐसपैस बसली होती.

बैठक साधीसुधी नव्हती. सीमेवरचं एक तळं दोन देशांत वाटलेलं होतं. तिथल्या पाखरांसाठी उन्हाळ्यात किती महिने पाणी राखायचं, यावर सात बैठका होऊन सातही पाण्यात गेल्या होत्या. ही आठवी.

बैठकीचे अध्यक्ष, यजमान देशाचे सचिवसाहेब आले, त्यांनी घरटं पाहिलं आणि शिडी मागवली. ताईंनीच कराराच्या मसुद्याच्या प्रती काढल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, चौथं कलम. विणीच्या काळात घरट्याला हात लावायचा नाही."

"अहो, करार अजून झालाय कुठे?"

नेमक्या तेव्हाच पाहुण्या देशाच्या प्रमुख बाई दारात येऊन थांबल्या. त्यांची नजर शिडीवर, मग घरट्यावर, मग साहेबांवर आली. साहेबांनी शिडीवरचा हात असा काढला, जणू ती तापली होती. बैठक दुसरीकडे हलवतोय, असं त्यांनी सांगून टाकलं.

दुसरं सभागृह रंगवायला काढलेलं होतं. ग्रंथालयाच्या कपाटांना वाळवी लागली होती, म्हणून तिथे औषध मारलेलं. शेवटी उरली चहाची खोली. एका टेबलाभोवती अकरा माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली. ध्वज ओट्यावर गेले, माईक आणलेच नाहीत. साहेबांनी चाळीस पानी भाषण उघडलं, तर त्यांचं कोपर प्रमुख बाईंच्या कपात गेलं. त्यांनी भाषण मिटलं आणि फडकं घेतलं.

"तुमचं भाषण मला पाठ आहे," बाई म्हणाल्या. "माझं तुम्हाला असेल. नुसतं सांगा, किती महिने पाणी ठेवता येईल?"

"खरं सांगू? तीन. पण तुम्ही चार मागता, म्हणून आम्ही दोन म्हणतो."

"आम्हाला तीनच हवेत. तुम्ही दोन म्हणता, म्हणून आम्ही चार मागतो."

खोलीत कोणीतरी फस्सकन हसलं. जेवणाआधी सह्या झाल्या.

पाहुण्यांना निरोप देऊन साहेब परत आले, तेव्हा ताई कप विसळत होत्या. ते दारात घुटमळले.

"ताई, पुढच्या वर्षी नदीतल्या माशांवर बैठक आहे. तेव्हा सभागृहात पाखरू नसलं तर?"

"काळजी करू नका, साहेब," ताई म्हणाल्या. "सभागृहाची किल्ली माझ्याकडून हरवेल."