व्याख्यानानंतरचा कडू घास

जगाची काळजी वाहण्यात गडचिरोली तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो! मॅट्रिकच्या वर्षी आमच्या शाळेत दर शनिवारी बाहेरचे पाहुणे व्याख्यानाला यायचे. कोणी कोरियाच्या लढाईवर बोलायचं, कोणी आफ्रिकेतल्या काळ्या-गोऱ्यांवर. बाकीचे पोट्टे मागच्या बाकांवर बोरं खात बसायचे. मी पहिल्या बाकावर बसून मान हलवायचो. त्यात माझा असा हात बसला होता की पाहुणे शेवटी शेवटी माझ्याकडेच बघून बोलायचे.

मान हलवण्यामागे मतलब होता, लपवत नाही. मला नागपूरला कॉलेजात जायचं होतं. बाप म्हणायचा, "मुखरू, राहाची सोय लागली तं जाय. नाई तं बैल हायेतच." नागपुरात काळं कुत्रंही आमच्या ओळखीचं नव्हतं. वसतिगृहात जागा मिळाली तरच माझं कॉलेज, नाही तर जन्मभर चिखल. आणि डिसेंबरात प्रोफेसर खानझोडे आले. वसतिगृहाच्या कमिटीवर होते ते! विषय होता 'मानवी हक्क आणि जागतिक शांतता'. जपानातलं एक शहर एका क्षणात कसं जळून गेलं, हे त्यांनी असं काही सांगितलं की बोरं खाणारे हातसुद्धा थांबले. मी तर त्या दिवशी मान दुखेपर्यंत हलवली.

दुसऱ्या दिवशी ते वडशाला रेल्वेगाडी धरणार होते आणि आमचं गाव वाटेवरच होतं. मी म्हटलं, सर, आमची माणसं असल्या विचारांसाठी तहानलेली आहेत. प्रोफेसर विरघळले. दुपारी तासभर बोलतो म्हणाले.

आता तहानलेली माणसं जमवणं आलं! 'मानवी हक्क' म्हटलं असतं तर चावडीवर चिटपाखरू फिरकलं नसतं. म्हणून मी घरोघर सोप्या भाषेत सांगितलं, की दूरच्या मुलखात एक आख्खं गाव जळालं, लेकरंबाळं गेली, आणि नागपूरचा एक मोठा माणूस ते सांगायला येतो आहे. इथंच सगळा घोळ झाला. आमच्याकडे मरणाची खबर घेऊन जो गावोगाव फिरतो, तो मेलेल्याच्या घरचा असतो. गावानं तोच अर्थ घेतला.

प्रोफेसरांची बैलबंडी आली तेव्हा मी बांधलेलं तोरण लोकांनी काढून टाकलेलं होतं. कोणी राम राम केला नाही, कारण दुःखाच्या जागी राम राम करत नाहीत. बापूजी पाटलांनी आणलेला हार पाठीमागे लपवला. प्रोफेसर मान वाकवून उभे होते, हार काही गळ्यात पडेना! शेवटी त्यांनी कोटाचं बटण बघितल्यासारखं केलं आणि मान वर घेतली.

व्याख्यान सुरू झालं. बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. जपानचं नाव निघताच धुरपताबाईनं हुंदका दिला. ही धुरपताबाई म्हणजे गावातली म्हातारी विधवा. कोणाच्या घरी मयत झालं की बोलावण्याची वाट न बघता पहिली तिथं पोचणारी. तिच्या मागून सगळ्या बाया रडू लागल्या. प्रोफेसरांना वाटलं, आपल्या वाणीचा परिणाम. ते आणखी रंगात आले. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, तर मला हळूच म्हणाले, "किती खोलवर पोचलं बघ!" मला एव्हाना सगळा उलगडा झाला होता, पण वसतिगृह डोळ्यांपुढे होतं. मी मान हलवली.

व्याख्यान संपल्याबरोबर बापूजींनी आणि आणखी एकानं त्यांना दोन्ही दंडांना धरून बोडीवर नेलं. बोडी म्हणजे आमचं तळं. डिसेंबरातलं पाणी, अंगावर कोट! प्रोफेसर आधी दचकले, मग म्हणाले की स्थानिक प्रथांचा मान राखलाच पाहिजे. कोट काढला आणि बुडी मारली. थंडीनं दात वाजत होते, तरी त्यांनी मला विचारलं की सगळ्याच पाहुण्यांना असा मान मिळतो का. मी म्हटलं, सगळ्यांना नाही सर.

बापूजींचं धोतर नेसवून त्यांना ओसरीवर बसवलं आणि कडू घास वाढला. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारचे पहिलं जेवण नेतात, त्याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. भात आणि बिनफोडणीचं वरण. प्रोफेसर म्हणाले, सात्त्विक आहार आहे. आता जेवतील, बंडीत बसतील, गाडी धरतील आणि आपली जागा पक्की, असा मी मनात हिशेब करत होतो. तेवढ्यात वाढता वाढता धुरपताबाई त्यांच्याजवळ बसली.

"भाऊ, तुमचं कोण गेलं त्याच्यात?"

प्रोफेसर हसले. म्हणाले, माझं कोणी नाही बाई, ती जपानची माणसं.

"कोणीच नाई?" बाईला ते पटेचना. "मंग एवढ्या दूर सांगाले काऊन आले तुमी? आपलं कोणी गेल्याबिगर माणूस असा गावोगाव सांगत नाई फिरत."

प्रोफेसरांनी 'अखिल मानवजात' असं काहीतरी सुरू केलं आणि थांबले. घास हातातच राहिला. मला वाटलं ठसका लागला, म्हणून मी पाण्याचा लोटा पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"माझा मुलगा गेला," ते म्हणाले. "प्रभाकर."

ब्रह्मदेशच्या लढाईत गेला. नुसती तार आली. प्रोफेसर दुसऱ्या दिवशी कॉलेजात शिकवायला गेले आणि तेव्हापासून शांततेवर व्याख्यानं देत फिरत होते. हे सगळं ते वरणभाताकडे बघून सांगत होते. मुलगा कधी पाटावर बसून जेवायचा नाही, उभ्यानंच खायचा, फिरत फिरत. निघायच्या दिवशीसुद्धा तसाच खात होता. "मी म्हटलं, बसून खायचं असेल तर खा, नाही तर नीघ. तो हसला आणि ताट ठेवून निघाला."

मग ते रडले. कसे रडले ते सांगत नाही, मला अजून सांगवत नाही. धुरपताबाईनं त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि "रडून घे बापा" म्हणाली. प्रभाकरचं नाव घेऊन आख्खं गाव रडलं. गाडी केव्हाच चुकली होती.

सकाळी बंडीत बसताना प्रोफेसर माझ्याकडे बघत नव्हते. मी म्हटलं, संपलं, आता बैलच. पण बंडी हलता हलता ते म्हणाले, "जूनमध्ये घरी ये. जागेचं मी बघतो." मी बंडीमागे नाचत गेलो!

मॅट्रिक पास झालो. पेटी घेऊन नागपूरला त्यांच्या घरी पोचलो. वसतिगृहाच्या जागा त्याच संध्याकाळी वाटायच्या होत्या. प्रोफेसर बाहेर गेले होते. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे बाईंनी, मला आत बसवलं, चहा दिला, कुठचा म्हणून विचारलं. मी ऐटीत गावाचं नाव सांगितलं. म्हटलं, सरांना आम्ही काही कमी पडू दिलं नाही बाई, प्रभाकरभाऊंचं सगळं रीतीनं केलं.

बाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"त्यांनी नाव घेतलं?"

"हो बाई. खूप रडले."

त्या खाली जमिनीवरच बसल्या. म्हणाल्या, "या घरात इतक्या वर्षांत त्यांनी नाव घेतलं नाही. त्यांना त्रास होईल म्हणून मीही घेत नाही." मग हळूच म्हणाल्या, "काय काय म्हणाले, सांगशील?"

ऐकलेलं सांगण्यात मी पटाईत. पाटाचं सांगितलं, ताटाचं सांगितलं, शेवटचं बोलणंही सांगितलं. ते त्यांना ठाऊकच नव्हतं. तो निघाला त्या दिवशी त्या देवळात गेल्या होत्या. पोरगा अर्धं ताट टाकून का गेला, हे त्या इतकी वर्षं स्वतःलाच विचारत होत्या. भाजीत मीठ जास्त पडलं असेल, असं धरून बसल्या होत्या.

दिवेलागणीच्या आधी प्रोफेसर आले. मला बघून हसले, पेटीकडे बघून काही बोलणार होते. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "प्रभाकरला तुम्ही काय म्हणालात, ते मला कळलं." प्रोफेसर दारातच भिंतीला टेकले. बाई उठून त्यांच्याजवळ गेल्या. रागावल्या नाहीत. दोघंही एकमेकांना धरून उभे राहिले आणि रडत राहिले.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी "सर, माझ्या जागेचं काय झालं?" असं विचारता येतं काय? मी पेटी उचलली, दार हळूच ओढून घेतलं आणि स्टेशनवर आलो. पुढच्या वर्षी जाऊ म्हणता म्हणता धानाची रोवणी लागली, बापानं कासरा हातात दिला. मानवी हक्कांवर आजही मला विचारा, सगळं धडाधड सांगतो. माझंच तेवढं विचारायचं राहून गेलं.