साडूचं हेल्मेट

बांधकामाच्या फाटकाशी मोठा डिजिटल पडदा बसवला, त्या दिवसापासून थोरल्या मुकादमांच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरकडे जाऊन काही उपयोग नव्हता, कारण दुखणं रोज संध्याकाळी पडद्यावर उमटायचं आणि सगळ्यात वर धाकट्या मुकादमांचं नाव असायचं.

थोरले आणि धाकटे एकमेकांचे साडू. बायका सख्ख्या बहिणी, नोकरी एकाच कंपनीत, काम एकाच इमारतीवर. डावी बाजू थोरल्यांकडे, उजवी धाकट्यांकडे. इतकी वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं, कारण थोरले थोरले होते आणि धाकटे धाकटे. मग कंपनीने चिपवाली हेल्मेटं आणली.

हेल्मेट डोक्यावर आहे की काखेत, माणूस कुठल्या मजल्यावर आहे, कडेच्या किती जवळ आहे, सगळं त्या चिपला कळायचं. धोक्याच्या जागी पाऊल पडलं की कानाशी 'पीं' वाजायचं आणि मार्क कापले जायचे. काही बिघाड दिसला तर बाजूचं लाल बटण दाबायचं, म्हणजे ती जागा ऑफिसात नोंदली जायची आणि दुरुस्तीची माणसं धावायची. दिवस संपला की फाटकावर सगळ्यांचे मार्क झळकायचे. धाकटे रोज पहिले. थोरले रोज तळाला, एकदा तर कालपरवा आलेल्या रंगाऱ्याच्याही खाली.

याचं कारण थोरल्यांना स्वच्छ दिसत होतं. धाकट्यांना उंचीची भीती होती. ते तिसऱ्या मजल्याच्या वर चढतच नसत. गोदामात पंख्याखाली बसून फोनवरून कामगारांना ओरडायचे. गोदामात पीं कशाला वाजतंय? थोरले मात्र दिवसभर परांचीवर, गच्चीवर, कडेला. त्यांचं हेल्मेट इतकं वाजायचं की खालचे कामगार म्हणायचे, "आले बघा, बँड वाजवत आले."

हे घरी सांगून पाहिलं, पण घरी ऐकतंय कोण?

"धाकटीच्या नवऱ्याला आजही पैकीच्या पैकी," बायको ताट वाढता वाढता म्हणाली. "तिचा फोन आला होता."

"अगं, तो माणूस चढतच नाही!"

"मग नियमच असेल तसा. तुम्हाला कोण सांगतं माकडासारखं चढायला? आणि ती टॉवरची जागा?"

जागेचा विषय निघाला की थोरल्यांचं जेवणातलं लक्ष उडायचं. पलीकडच्या प्लॉटवर नवा टॉवर उभा राहणार होता आणि त्यासाठी एक सुरक्षाप्रमुख नेमायचा होता. थोरल्यांनी त्या जागेवर कधीपासून डोळा ठेवला होता. शुक्रवारी मुख्य ऑफिसातून ऑडिटरबाई येणार, त्या दिवसाची हेल्मेटांची माहिती तपासणार आणि तिथल्या तिथे नाव जाहीर करणार.

"त्यांनाच मिळणार," बायको म्हणाली. "धाकटीने पडद्यांचं कापडसुद्धा बघून ठेवलंय नव्या घराला."

त्या कापडाने थोरल्यांच्या अंगाची लाही लाही झाली. डोकं शांत असतं, तर पुढचं काही घडलं नसतं.

शुक्रवारी ते सगळ्यांच्या आधी कामावर पोचले. फाटकाजवळच्या खोलीत भिंतीवर ओळीने हेल्मेटं चार्जिंगला टांगलेली होती. खुंटीवर नाव, आणि हेल्मेटांचा नंबर आतल्या बाजूला. बाहेरून सगळी एकसारखी पांढरी. थोरल्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आपलं हेल्मेट धाकट्यांच्या खुंटीला अडकवलं, त्यांचं आपल्या डोक्यावर घातलं. ते जरा घट्ट होतं. साडूचं डोकंच लहान, थोरल्यांच्या मनात आलं, आणि त्यांना सकाळी सकाळी बरं वाटलं.

बेत सरळ होता. आज दिवसभर बेशिस्त करायची. जितकं वाजेल तितके धाकट्यांचे मार्क जातील. आणि धाकटे आपलं हेल्मेट घालून पंख्याखाली बसले की पैकीच्या पैकी आपल्याला! हेल्मेट बदलताना कोणी सापडलं तर मात्र नोकरी जाते, असा नियम होता. पण सापडणार कोण?

थोरले सरळ गच्चीवर गेले. पण बेशिस्त करायलाही सवय लागते. कडेला जायच्या आधी त्यांचे हात आपोआप कमरेच्या पट्ट्याकडे गेले, आणि पट्टा नीट अडकवल्यावरच ते बेशिस्तीला लागले. हेल्मेट काढून टाकावं म्हणून हात वर नेला, पण डोकं उघडं करायला मन होईना. शेवटी त्यांनी नुसतं कडेला उभं राहून घेतलं. पीं वाजलं. काय गोड आवाज होता तो! ते कडेकडेने चालत राहिले, साडूचं नाव मातीत घालत.

कोपऱ्यावर मात्र ते थबकले. परांचीचा एक क्लॅम्प सैल होता. बोटाने हलवला तर हलला. उद्या सकाळी इथेच गिलाव्याची माणसं उभी राहणार होती. थोरल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मार्क, पडदा, साडू, सगळं विसरून त्यांनी खालच्या माणसांना मोठ्याने हाक दिली, कोणी वर चढू नका म्हणून बजावलं, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने हात हेल्मेटकडे गेला. लाल बटण दाबलं.

दाबल्यावर आठवलं, बटण कोणाचं आहे ते.

"अरे देवा," थोरले म्हणाले. पण नोंद गेली होती.

संध्याकाळी फाटकाशी सगळे जमले. पडदा उजळला. सगळ्यात वर थोरल्यांचं नाव, पैकीच्या पैकी! तळाला धाकटे. थोरल्यांनी छाती फुगवून साडूकडे पाहिलं. धाकटे खाली मान घालून उभे होते.

ऑडिटरबाईंनी चष्मा वर केला.

"मला या मार्कांशी काही देणंघेणं नाही," त्या म्हणाल्या. "मार्क गेलेला माणूस निदान जागेवर गेला तरी होता. मी बघते, हेल्मेट कुठे फिरलं आणि बटण कोणी दाबलं. आज गच्चीवरचा सैल क्लॅम्प सापडला नसता, तर उद्या माणसं पडली असती. तो शोधणारे कोण?"

थोरल्यांचा पाय पुढे पडणार होता. त्यांनी तो महत्प्रयासाने मागे ओढला.

"धाकटे मुकादम!" बाई म्हणाल्या. "पूर्ण वेळ कडेकडेने पाहणी. टॉवरचे सुरक्षाप्रमुख तुम्हीच."

टाळ्या पडल्या. धाकट्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला.

"आणि थोरले मुकादम," बाईंनी हातातल्या टॅबकडे पाहिलं, "तुमचं हेल्मेट सकाळपासून गोदामातल्या पंख्याखाली आहे. दुपारी तर तासभर जरासुद्धा हललेलं नाही. झोपला होतात?"

कामगार खाली मान घालून हसू लागले. थोरल्यांनी मनात हिशेब केला. खरं बोलावं तर नोकरी जाते, न बोलावं तर अब्रू गेलेलीच आहे.

गर्दी पांगल्यावर धाकट्यांनी त्यांना पाण्याच्या टाकीमागे गाठलं.

"साडूभाऊ, वाचवा!"

"मी कशाला वाचवू? अभिनंदन तुमचं."

"अहो, हेल्मेट तुमचं होतं, मला सकाळीच कळलं. माझ्या नाकावर येत होतं!"

"मग बोलला का नाहीत?"

धाकटे पायाने वाळू उकरू लागले. "म्हटलं, तुमच्या नावावर एक दिवस मस्त झोपून काढावा. तुमची जरा बदनामी होईल. घरी रोज ऐकतो ना मी, 'माझ्या ताईचा नवरा बघा, कसा वाऱ्यासारखा वर चढतो. नाहीतर तुम्ही!' जीव नकोसा झालाय."

 साडूही जळतोय आणि तोही आपल्यावर, हे कळून थोरल्यांना क्षणभर फार समाधान वाटलं. पण ते टिकलं नाही.

"टॉवर केवढा उंच होणारेय माहितीय?" धाकटे रडकुंडीला आले होते. "मी पहिल्याच दिवशी मरेन. साडूभाऊ, रोजच बदलूया का हेल्मेट? तुम्ही वर चढा, मी खाली बसतो. पगारातला फरक तुमचा."

थोरल्यांनी विचार केला. नाही म्हणावं तर धाकट्यांना बाईंपुढे कबूल करावं लागेल आणि दोघांच्याही नोकऱ्या जातील. शिवाय धाकट्यांच्या भरवशावर टॉवर सोडायचा म्हणजे माणसं मारायची. त्यांनी मान डोलावली.

टॉवरचं काम सुरू झालं आणि दोन्ही साडू तिकडे गेले. थोरले साडूच्या घट्ट हेल्मेटात दिवसभर चढायचे, क्लॅम्प तपासायचे, बटणं दाबायचे. कामगारांना सगळं दिसत होतं, पण त्यांना विचारतंय कोण? ऑफिसात सगळे पडद्याकडे बघत होते. कंपनीच्या मासिकात धाकट्यांचा फोटो आला, खाली 'उंचीला न घाबरणारा माणूस' असं छापलेलं. थोरल्यांच्या नावावर मात्र पैकीच्या पैकी आणि रोजचा पंखा.

एका संध्याकाळी ते लंगडत घरी आले आणि खुर्चीत कोसळले. दोन्ही गुडघे ठणकत होते.

बायकोने तो फोटो कापून कपाटाच्या दारावर चिकटवला होता.

"नशीबवान आहे धाकटी," ती म्हणाली. "काय धाडसी नवरा मिळालाय! आणि आमच्याकडे पंख्याखाली बसून मार्क मिळवतात."

"पूर्वी तूच म्हणायचीस ना, मार्क मिळवा म्हणून?"

"मार्क काय, कोणीही मिळवतं. वर चढायला छाती लागते."

थोरल्यांचा असा जळफळाट झाला की गुडघ्यांचं दुखणं विसरायला झालं. फोटोतल्या त्या हसऱ्या तोंडाचा त्यांना मनापासून हेवा वाटला. इतकं काम करतो हा माणूस, आणि सगळ्यांना त्याचं कौतुक!

बायकोने आतून मलमाची नवीकोरी बाटली आणून त्यांच्या हातात ठेवली. थोरल्यांचे डोळे भरून आले. एवढं सगळं बोलली तरी तिला कळतं, त्यांना वाटलं. त्यांनी पायजमा वर करून झाकण फिरवायला घेतलं.

"अहो, उघडताय काय? उद्या न्या आणि धाकटीच्या नवऱ्याला द्या. दिवसभर चढून चढून बिचाऱ्याचे गुडघे दुखत असतील."

थोरल्यांनी झाकण परत घट्ट केलं.

"आणि वाटेत त्यातलं स्वतःला लावू नका," बायको आत जाता जाता म्हणाली. "बसणाऱ्या माणसाला कशाला लागतंय मलम?"