बिनबैलाची भाजी

नवी नवरी म्हणून मी अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या चाळीत आले, तेव्हा माप ओलांडायच्या आधीच शेजारच्या ओट्यावरून प्रश्न आला, "वहिनी, स्टेशनवरून बैलगाडीनं नाही ना आलात?"

"टांग्यानं," माझ्याऐवजी आमच्या ह्यांनीच उत्तर दिलं.

"मग हरकत नाही. घोडा चालतो."

हे मोरूभाऊजी. आगपेट्यांच्या कारखान्यात टाइमकीपर. बायको दोनेक वर्षांपूर्वी गेलेली, घरात एकटेच. त्यांचा ओटा दोन माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढा. पण त्यावर माणूस बसलेला मी कधी पाहिला नाही. तिथे रॉकेलचे डबे, फुटक्या बादल्या आणि कारखान्यातली मोडकी खोकी दाटीवाटीनं बसलेली. त्यांत लाल माठ, अळू, भेंडी, कडेला मक्याची ताटं आणि गौरींसाठी तेरडा. पडवळाचा वेल कौलांवर चढवलेला, आणि पडवळं सरळ वाढावीत म्हणून प्रत्येकाच्या टोकाला दोऱ्यानं दगड बांधलेला. नव्या माणसाच्या कपाळावर त्यातला एखादा बसायचाच. मग मोरूभाऊजी धावत बाहेर येत आणि आधी पडवळाला लागलं का ते पाहत.

हा सगळा खटाटोप ऋषिपंचमीसाठी. त्या दिवशी व्रत करणाऱ्या बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. माणसानं आपल्या हातानं पिकवलेली भाजीच चालते. चाळीत माझ्या सासूबाईंसकट बऱ्याच जणींचं हे व्रत होतं, आणि सगळ्यांना भाजी मोरूभाऊजींची. बाजारातली माळीणही "बैलाची नाय हो बाय" असं शपथेवर सांगायची, पण मोरूभाऊजींचा शपथेवर विश्वास नव्हता. माती ते वालधुनीच्या काठावरून पोत्यात भरून, स्वतःच्या डोक्यावरून आणत. शेण गाईचंच हवं, म्हणून गाईच्या मागून चालत जात. माझं माहेर बदलापूर गावातलं. वडील मला भेटायला गाडी जुंपून आले की त्यांना त्या ओट्याला लांबून वळसा घालावा लागे.

मोरूभाऊजी डबे घ्यायला उल्हासनगरच्या कॅम्पात गेले, तर तिथल्या निर्वासित सिंधी दुकानदाराचीही त्यांनी उलटतपासणी घेतली. "ये डबा बैलगाडी से तो नहीं आया?"

"साईं," तो म्हणाला, "डब्बा लारी में आया, हम जहाज में आया. बैल बीच में कोई नहीं."

हे उत्तर मोरूभाऊजींना इतकं पटलं की पुढे डबे कायम त्याच्याकडूनच.

"ह्यात बैल नाही, वहिनी," माठाची जुडी माझ्या हातात ठेवताना ते छाती पुढे काढून सांगत, "ह्यात मी आहे."

"म्हणजे फार फरक नाही," आमचे हे आतून पुटपुटत.

रोप उपटून फेकणं मात्र त्यांच्या जिवावर येई. जास्तीचं रोप डब्यासकट कुणाच्या तरी दारात जाऊन बसायचं, आणि नको म्हणायची सोय नव्हती. माझ्या गळ्यात माठाचा डबा पडला. तो मी मोरीजवळ सरकवला. भांडी विसळलेलं पाणी त्यात ओतायचं, एवढीच माझी शेती. व्रतवैकल्यांशीही माझं तेवढंच सख्य. चतुर्थीच्या उपासाला सकाळी दहालाच माझा जीव कासावीस होतो.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या गणेशचतुर्थीची गोष्ट. दुपारी आम्ही सगळे चाळीच्या टोकाच्या खोलीत आरतीला जमलो होतो. बारवीकडच्या पाड्यावरचा धाकू जळण घेऊन आला होता. त्यानं गाडी सोडली आणि तोही दारात टाळ्या वाजवत उभा राहिला. आरती संपवून बाहेर येतो तो काय! एक बैल पुढचे दोन पाय पायरीवर ठेवून मोरूभाऊजींच्या ओट्यावर जेवत होता. माठ संपला होता, मका संपला होता, भेंडीची नुसती बुडखं उरली होती, अळवाचा चिखल झाला होता, आणि तोंडातून शेवटचं पडवळ दगडासकट लोंबत होतं. गौरींचा तेरडा तेवढा त्यानं शहाण्यासारखा सोडला होता.

धाकूनं काठी उचलली, तर मोरूभाऊजींनीच त्याचा हात धरला.

"त्याला काय म्हाईत, दादा, तुमची पंचीम," धाकू रडकुंडीला आला.

"खरंय. मारू नको त्याला."

आता चाळ डोक्यावर घेतील असं आम्हाला वाटलं होतं. ते नुसते पायरीवर बसले. सासूबाई म्हणाल्या, "मोरू, एवढं काय मनाला लावून घेतोस? यंदा बाजारातून आणू."

"तुमचं भागेल हो, काकू. मला मात्र यंदा घरचीच हवी होती." एवढं बोलून ते आत गेले आणि दार लोटून घेतलं.

पुरुषमाणसाला ऋषीची भाजी कशाला हवी, हे काही सासूबाईंना उमगेना. पण त्यांनी पदर खोचला आणि सरळ आमच्या मोरीकडे गेल्या. माझ्या डब्यातला माठ कधी वीतभर झाला होता, मला पत्ताच नव्हता. "परात घे," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दारोदार निघालो. कुणाच्या खिडकीत चार भेंड्या, कुणाच्या मोरीत छत्रीएवढं अळू, टोकाच्या खोलीच्या कौलावर एक पडवळ, दगड न बांधल्यामुळे वेटोळं झालेलं. सगळे मोरूभाऊजींनी गळ्यात मारलेले डबे! भरलेली परात डोक्यावर घेऊन मी चाळीतून चालले, तेव्हा मला आमच्या त्या गळक्या चाळीचा असा अभिमान वाटला की काय सांगू.

पाणी कुणी घातलं, शेण कुठल्या गाईचं, ह्या तपासणीला मी तयारच होते. पण परात पुढ्यात ठेवली, तर मोरूभाऊजींनी काही विचारलं नाही. एकेक पान उचलून पाहत राहिले.

"ही सगळी माझीच?"

"तुमचीच. आम्ही नुसतं पाणी घातलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाजीची वाटी घेऊन त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. मोरूभाऊजी सोवळं नेसून पाटावर बसलेले, आणि समोर चौरंगावर तांदळाच्या पुंजक्यांवर आठ सुपाऱ्या. सात ऋषी आणि अरुंधती. शेजारी बायकोची कुंकवाची कोयरी. पुरुषानं मांडलेली ऋषिपंचमी मी जन्मात पाहिली नव्हती.

"बाहेर बोलू नका, वहिनी," ते ओशाळून म्हणाले. "व्रत हिचं. सात वर्षांचा नेम धरला होता, चार झाली नि गेली. शेवटी तिला तेवढीच एक रुखरुख. म्हटलं, तू जा, उरलेली मी करतो."

"भटजींना विचारलंत?"

"नाही विचारलं. नको म्हणाले असते तर पंचाईत."

त्यांनी भाजी खाल्ली, वाटी पुसून खाल्ली. मग उघड्या दारातून ओट्यावरच्या रिकाम्या डब्यांकडे बघत म्हणाले, "सातवं झालं. सुटली बिचारी. आता हे डबे कॅम्पात परत देऊन टाकतो. लावायचं तरी कुणासाठी?"

"माझ्यासाठी लावा," मी म्हणाले. "पुढच्या वर्षीपासून मी धरते."

"सात वर्षं करावं लागतं, वहिनी."

"माहीत आहे."

ते पाटावरून उठले, सोवळ्यानंच ओट्यावर गेले आणि चेपलेला एक डबा उचलून ठोकून पाहिला.

"मग आधी तुमचा तो मोरीजवळचा डबा बदलायला हवा," ते म्हणाले. "त्याला खाली धड भोक नाही. आणि हो, माहेराहून येताना टांगाच करायचा."