प्रगत प्रतीक्षा

वायुदलाच्या प्रशिक्षण कार्यालयात भिंतभर एक तक्ता होता, आणि त्यात एकही जवान रिकामा दिसता कामा नये असा वरून आदेश होता. अडचण एवढीच, की हेलिकॉप्टरमधून दोर सोडून माणसं वर ओढायला शिकवणाऱ्या वर्गात जागा होत्या सहा आणि निवडलेले जवान होते एकशे चाळीस.

त्यातलाच एक दोरवाला. निवड झाली त्या दिवशी आईनं सगळ्या शेजारपाजाऱ्यांना सांगितलं, तेव्हापासून हेच नाव पडलं. दोराला त्याचा हात अजून लागायचा होता. वर्गासाठी वय अठ्ठाविसाच्या आत हवं, आणि त्याला सव्विसावं लागलेलं.

"साहेब, माझा नंबर कधी?" त्यानं तक्ता सांभाळणाऱ्या सार्जंटला विचारलं.

"तू थांबलायस, हीच तर पंचाईत आहे," सार्जंट कळवळून म्हणाला. "तक्त्यात थांबण्याचा रकानाच नाही!"

मग त्यानं तोड काढली. थांबणं हाच अभ्यासक्रम केला. सकाळी हजेरी, दुपारी बाकावर बसण्याचा सराव, शेवटी लेखी परीक्षा. तक्ता एका फटक्यात भरला. वरिष्ठ इतके खूश झाले, की त्यांनी 'प्रगत प्रतीक्षा' सुरू करायला लावली. तिच्यात बाक नव्हता.

दोरवाला दोन्हींत पहिला आला आणि तिथंच त्याचं नशीब फुटलं. त्याला त्याच वर्गाचा मास्तर केलं.

सत्ताविसावं सरताना दोराच्या वर्गात जागा निघाल्याचं कळलं. तो धावतच सार्जंटकडे आला.

"तुला कसा सोडू, बाबा? थांबायला शिकवणारे मास्तर मिळत नाहीत."

"मग दोराला कोण जाणार?"

"कुणीच नाही. बाकीचे तुझ्या वर्गात आहेत ना! वर्ग अर्धवट सोडता येत नाही. दोराचा वर्ग यंदा अख्खा रिकामा आहे. पण तो तक्ता आपला नाही, शेजारच्या कार्यालयाचा."

अठ्ठाविसावा वाढदिवस दोरवाल्यानं फळ्यासमोर काढला. आईचा फोन आला, तेव्हा त्याला रडू आवरेना.

तुम्ही कधी पुरात गच्चीवर अडकलात, तर घाबरू नका. हेलिकॉप्टर नक्की येईल. त्यात दोर सोडणारा कुणी नसेल, पण कर्णा घेतलेला दोरवाला असेल. तो सांगेल तसे शांतपणे थांबा. नापास होण्याची भीती नाही. आजवर जिथं जिथं तुम्ही ब्र न काढता थांबलात, त्या सगळ्याचे गुण धरले जातात.