दगडाला हाक

जी भाषा कोणी बोलत नाही, तिच्यात कोणी चुकत नाही. याच भक्कम पायावर आमचा विभाग उभा आहे. (छत गळते, तो प्रश्न वेगळा.)

रशियन, पोलिश वगैरे भाषांची पणजी म्हणजे आदिस्लाविक. या पणजीने एक ओळही लिहून ठेवली नाही. त्यामुळे पणत्यांच्या तोंडांवरून तिचे शब्द ठरवावे लागतात आणि पुरावा नाही म्हणून त्यांच्या डोक्यावर तारा लावावा लागतो. आमच्या वाट्याला आला ‘*कामी’. अर्थ : दगड. (अद्याप कोणाच्या कामी आलेला नाही.)

हा शब्द चालवायचा होता. सात विभक्ती, तीन वचने (एक, दोन आणि दोनांहून जास्त), म्हणजे एकवीस रकाने. नऊ वर्षांत अठरा भरले. उरले संबोधनाचे तीन. विभागप्रमुखांची शंका रास्त होती, “दगडाला हाक मारणार कोण?”

शब्द चालवते आमची सहायक. ती हंगामी आहे. हंगाम नऊ वर्षांचा आहे. “तक्ता झाला की तुमचं बघू,” असे तिला सांगितलेले. घरी सासूबाई रोज विचारतात, “झालीस का गं कायम?”

एकतिसाव्या बैठकीत ती उठली. “सर, दगडाला हाक मारतात. मीच मारते. चौदा अर्ज केले, प्रत्येकावर ‘माननीय महोदय’ लिहिलं. एकदा तरी ओ दिलीत?”

प्रमुख आनंदाने ओरडले, “अहो, लेखी पुरावा!”

एकवचन एकमताने मंजूर झाले. अर्ज पुरावा म्हणून सीलबंद झाले. पुराव्यावर निर्णय घेणे म्हणजे त्यात ढवळाढवळ, म्हणून आता त्यांवर निर्णय होणार नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आले. इतिवृत्तात त्याची नोंद ‘सहमती’ अशी आहे. मला वाईट वाटले, पण इतिवृत्त मीच लिहितो.

प्रमुख आणि कुलसचिव या दोघांना मिळून तिने केलेल्या एका अर्जावर द्विवचनही भागले. बहुवचनाला मात्र उदाहरण मिळेना. ते शोधायचे काम माझ्याकडे आले, म्हणून हा सगळा लिहिण्याचा खटाटोप.

वाचकहो, तिच्यासाठी दोन ओळी लिहून पाठवा!

(पाच मिनिटे थांबलो. आपल्यापैकी कोणी जागचे हलले नाही.)

बहुवचन सिद्ध झाले. तक्ता पुरा झाल्याने काम संपले आणि तिची जागा आजपासून रद्द झाली. आपल्या सहकार्याबद्दल विभाग आभारी आहे.