आठ खान्यांची निवडणूक

खडकीतील आमच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नसे. पंधरा वर्षे अध्यक्षपद भूषविणारे वैजनाथराव तळमजल्यावर राहत असल्याने ही बाब त्यांच्या निदर्शनास आली नव्हती. म्हणून सन १९९८च्या निवडणुकीस तिसऱ्या मजल्यावरील मालनबाई उभ्या राहिल्या आणि निवडून आल्यास नवा पंप बसविण्याचे त्यांनी जाहीर केले.

मतमोजणी निर्दोष व्हावी म्हणून समितीने संगणक आणला होता. निवडणूक अधिकारी बापूराव चिठ्ठी वाचत आणि संगणकचालक अनिरुद्ध कळ दाबी. वैजनाथरावांना अकरा मते पडली. मालनबाईंचा आकडा दोनशे पंचावन्नवर पोहोचला. अखेरची चिठ्ठीही त्यांचीच निघाली, कळ दाबली गेली, आणि पडद्यावर शून्य उमटले.

“या नोंदीला आठ खाने आहेत,” अनिरुद्धने खुलासा केला. “एका खान्यात शून्य किंवा एक, एवढेच मावते. आठही खान्यांत एक भरला की दोनशे पंचावन्न होतात. त्यावर आणखी एक आला की सगळे खाने रिकामे.”

“मग नववा खाना घ्या की!” मालनबाई म्हणाल्या.

“ठरावात आठच मंजूर आहेत,” बापूराव म्हणाले.

“अहो, चिठ्ठ्यांचा ढीग समोर पडलाय!”

“ढीगच मोजायचा होता तर संगणक कशाला आणला? आणि बाई, या आकड्यावरून आपण स्वतःलाही मत दिलेले दिसत नाही.”

अनिरुद्धनेच मार्ग सुचविला. शून्यातून एक वजा केला, की खाने उलटे फिरून पुन्हा दोनशे पंचावन्न भरतात. सबब मालनबाईंच्या कोणाही एका मतदाराने आपले मत मागे घ्यावे. बापूरावांनी तसा अर्जाचा नमुना तयार केला व सायंकाळी पाचची मुदत दिली.

एक अर्ज पुरेसा होता. परंतु शेजाऱ्यावर विसंबून हाती आलेला पंप घालवावा, इतका बेजबाबदार मनुष्य आमच्या वसाहतीत नव्हता. मालनबाईंनीही स्वतःचा अर्ज दिला.

पाच वाजता नोंद सुरू झाली. पहिल्या अर्जाला दोनशे पंचावन्न आले. टाळ्या पडल्या. दुसऱ्याला दोनशे चोपन्न, तिसऱ्याला दोनशे त्रेपन्न.

“थांबा, थांबा! झालं की काम!” मालनबाई ओरडल्या.

“मुदतीत आलेला अर्ज बाजूला ठेवता येत नाही,” बापूराव म्हणाले. “तो मतदाराचा अवमान होईल.”

दोनशे छप्पन्नावा अर्ज नोंदला गेला, तेव्हा पडद्यावर पुन्हा शून्य होते.

“सकाळचे शून्य जरा संशयास्पद होते,” बापूरावांनी समाधानाने सही केली. “हे मात्र अगदी चोख आहे.”

अकरा मतांनी वैजनाथराव अध्यक्ष झाले. आभाराच्या भाषणात त्यांनी तिसऱ्या मजल्याच्या सहकार्याचा विशेष उल्लेख केला.

आपण हसाल. परंतु आपला उमेदवार निवडून यावा म्हणून आपले मत काढून घ्या, असे संगणकाने सांगितले असता आपण किती वेळ विचार केला असता? मी पाऊण तास केला. रांग तेवढी लांब होती.